स्लाइडवर काहीतरी पळतंय, ते नेमकं कोण हे कसं ओळखायचं

आमच्या बाल्कनीतून सोसायटीचं गेट लांब पडतं, चेहरे काही दिसत नाहीत, तरी आई कठड्याला रेलून सांगते, "अगं मावशी आली बघ, चहा टाक", आणि खरंच मावशीच असते. कशावरून ओळखलंस विचारलं तर म्हणते चालीवरून, अजून कशावरून! मायक्रोस्कोपखाली अनोळखी एकपेशीय जीव दिसला की नेमकं हेच करायचं असतं आणि आपण करतो उलटं, म्हणजे दिसला रे दिसला की मोबाईलने फोटो काढायचा, ॲपमध्ये टाकायचा आणि ॲप जे बोलेल ते नाव धरून बसायचं. व्हॉर्टिसेला म्हणजे देठावर बसलेल्या घंटीसारखा जीव, माझ्या एकाला ॲपने मशरूम ठरवलं होतं. ॲपची तरी काय चूक, थांबलेल्या फोटोत दिसतो एक हिरवट लंबगोल ठिपका, आणि असे हिरवट लंबगोल ठिपके ढिगाने असतात.

म्हणून पहिली दहा मिनिटं फोटो नाही, नाव नाही, फक्त बघायचं. बाकी पुढे सांगते ते सगळं या दहा मिनिटांत काय बघायचं याबद्दलच आहे.

मायक्रोस्कोप फार भारी लागत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये असतो तसला साधा, ४एक्स, १०एक्स आणि ४०एक्स लेन्सवाला पुरतो, १००एक्सची तेलवाली लेन्स मी चार वर्षांत मोजून दोनदा वापरली असेल. सेकंडहँड घेणार असाल तर लेन्स काढून उजेडाकडे धरून बघा, मी बघितली नाही आणि ४०एक्सच्या आत बुरशीचं जाळं निघालं, विकणारा म्हणे "ताई पावसाळ्यात असंच असतं". असंच नसतं. सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात ठेवलं की नाही लागत बुरशी. आणि फार खर्च करायचा नसेल तर मनु प्रकाश यांनी स्टॅनफर्डमध्ये बनवलेला कागदाचा फोल्डस्कोप आहे, साधारण १४० पट मोठं दिसतं, बघायला मजा येते, फक्त त्यावर मोजमाप करणं जरा अवघड जातं.

आता पाणी कुठलं. पुण्यात याची काही कमी नाही. पाषाण तलावाच्या कडेची जलपर्णी उपटायची आणि तिची मुळं बाटलीत पिळायची, नुसतं तलावाचं पाणी भरण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण निम्मे जीव कशाला तरी चिकटून राहणारे असतात, मोकळ्या पाण्यात ते सापडतच नाहीत. पावसाळ्यानंतर वेताळ टेकडीच्या खाणीतलं पाणी. भिडे पुलाजवळ मुठेच्या कडेचा दगडावरचा बुळबुळीत थर, पण खडकवासल्यातून पाणी सोडलं असेल तेव्हा तिकडे फिरकू नका, पूलच पाण्याखाली जातो. सगळ्यात सोपं म्हणजे तुळशीच्या कुंडीखालची ताटली, पाऊस पडून चार दिवस झाले की तिच्यात अख्खं गाव वसलेलं असतं. बाटली अर्धीच भरा, वर हवा राहू दे, उन्हात ठेवू नका. आमच्याकडे फ्रीजवरून एकदा वाजलंय, "ते गटार माझ्या दह्याशेजारी नाही हं ठेवायचं", तेव्हापासून बाटल्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर असतात, तिथेच त्या छान टिकतात. हात मात्र साबणाने धुवा, नदीचं पाणी हे नदीचं पाणी आहे.

काहीच मिळालं नाही तर भाताचा पेंढा किंवा वाळकं गवत पाण्यात उकळून गार करा आणि त्यात तलावाचा चमचाभर गाळ टाका. आधी बॅक्टेरियाने पाणी गढूळ होतं, मग बारीक बारीक वळवळणारे येतात, मग कोल्पोडासारखे मध्यम, आणि बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांनी पॅरामेशियम. पाणी कमी पडलं तर थेट नळाचं ओतू नका, महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, एक-दोन दिवस उघड्या भांड्यात ठेवलेलं वापरा.

स्लाइड करताना थेंब लहान घ्या. मोठा घेतला की कव्हरस्लिप, म्हणजे वर ठेवायची पातळ काच, तरंगते आणि सगळे वरखाली पोहत राहतात, फोकस करून करून वेड लागतं. जास्तीचं पाणी कडेने टिश्यूने टिपून घ्या, पण फार टिपलं तर मोठे जीव चेपून मरतात, म्हणून मी कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना टाचणीच्या टोकाएवढं व्हॅसलीन लावते. आणि फार पळणाऱ्यांसाठी देवघरातल्या फुलवातीचा कापूस! अगदी दोन-चार धागे विस्कटून थेंबात टाकायचे की जीव त्या जाळीत अडकतात, मरत नाहीत, आणि एकाच जागी घुटमळतात. ग्लिसरीनचा थेंबही चालतो पण त्याने काही जीव आक्रसतात आणि मग आकार खोटा दिसतो.

उजेडाचं सांगायचं राहिलं, आणि नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच फसतो. हे जीव पारदर्शक असतात, त्यामुळे लख्ख उजेडात ते अक्षरशः गायब होतात. स्लाइडच्या खाली उजेड गोळा करणारं भिंग असतं, कंडेन्सर, त्याच्याखाली जी झडप असते, डायफ्राम, ती बारीक करत न्या, मग कडा उठून दिसायला लागतात. दुसरी युक्ती म्हणजे काळ्या कागदाची एक रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी लहान टिकली कापून कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या जागी बरोबर मध्यभागी ठेवायची, १०एक्सवर पार्श्वभूमी काळी होते आणि जीव चांदण्यासारखे चमकतात, सिलियांची, म्हणजे अंगावरच्या बारीक हलत्या केसांची, हालचाल तर फारच सुंदर दिसते. टिकलीचा आकार दोन-तीनदा कापून बघावा लागतो.

आता समोर काहीतरी आहे. पहिला प्रश्न, ते जीव आहे का? काळ्याकुट्ट जाड कडेचं परफेक्ट गोल म्हणजे हवेचा बुडबुडा. जागच्या जागी थरथरणारे बारीक कण म्हणजे जीव नाहीत, पाण्याचे रेणू त्यांना धक्के मारत असतात, रॉबर्ट ब्राऊनने १८२७ मध्ये परागातून निघालेल्या कणांवर हे बघितलं होतं आणि त्यालाही आधी वाटलं की हे जिवंत असावं, त्यामुळे आपण फसलो तर लाज वाटून घेऊ नका. मी तीन संध्याकाळी एका "कवचवाल्या अमिबा"ची वाट बघत बसले होते, तो परागकण निघाला.

दुसरा प्रश्न, तो एकपेशीय आहे का? लहान म्हणजे एकपेशीय असं नसतं. रॉटिफर हा चांगला अनेक पेशींचा प्राणी आहे पण अनेक रॉटिफर ०.१ ते ०.५ मिलीमीटरचे असतात, आणि स्टेंटर हा एकच पेशी असून १ मिलीमीटरच्या वर जाऊ शकतो. रॉटिफरची खूण म्हणजे डोक्यावर दोन फिरत्या चक्र्यांसारखं काहीतरी, आत सतत चावत असलेला जबडा, आणि बऱ्याच जणांना मागे पायाची बोटं. आत काहीतरी दळतंय असं दिसलं की तो आपल्या यादीतून बाद.

मग माप. "मोठा होता" "बारीक होता" याला काही अर्थ नाही. तुमच्या आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या लेन्सवर, १८ किंवा २० असा आकडा लिहिलेला असतो, तो लेन्सच्या आकड्याने भागायचा, की दिसणाऱ्या गोल खिडकीची रुंदी मिलीमीटरमध्ये मिळते. म्हणजे १८ असेल तर ४एक्सवर ४.५ मिलीमीटर, १०एक्सवर १.८, आणि ४०एक्सवर ०.४५ म्हणजे ४५० मायक्रॉन. ४०एक्सच्या खिडकीत जीव अर्ध्यापर्यंत पसरला तर तो २२५ मायक्रॉनच्या आसपास, पॅरामेशियम असू शकतो. दहावा भाग व्यापत असेल तर ४५ मायक्रॉन, मग तो पॅरामेशियम नाही, कितीही चपलेसारखा दिसू दे. एवढ्या एका भागाकाराने निम्मी चुकीची नावं गळून पडतात. फक्त मोबाईलमधून झूम करून मोजू नका, डोळ्याने मोजा.

आता चाल, मुख्य भाग.

एकसारखं, सफाईदार, स्वतःभोवती गिरक्या घेत पोहतोय, कशाला धडकला की थोडा मागे येतो, वळतो आणि पुन्हा पुढे जातो, तर तो सिलियावाला, शाळेत सिलियांना पक्ष्माभिका म्हणायचो. लक्ष्मी रोडवर गणपतीच्या खरेदीला गाडी घालून बघा, अगदी तशी चाल, पुढे, ठोकर, रिव्हर्स, वळण, पुढे. सिलिया दिसल्या नाहीत तरी कडेला पाणी लुकलुकल्यासारखं दिसतं.

डुगडुगत, थरथरत, जणू कोणीतरी नाकाला दोरी बांधून ओढतंय असा जात असेल तर बहुतेक एक किंवा दोन शेपट्यांवाला, म्हणजे कशाभिकावाला. शेपटी दिसत नाही म्हणून नाही असं समजू नका, ती फार बारीक असते, झडप बंद करून बघा. युग्लिना मधेच थांबून अंग आवळतो, फुगवतो, पिशवीत उंदीर फिरल्यासारखा, ही त्या कुटुंबाची खास लकब. पेरानेमा नावाचा त्याचाच बिनरंगी भाऊबंद आहे, तो शांतपणे सरकत जातो आणि पुढे ताठ धरलेल्या शेपटीचं फक्त टोक वळवळतं, एकदा बघितलं की आयुष्यात विसरणार नाही.

पोहत नाही, चालतोय! कापसाच्या धाग्यावरून मुंगीसारखा तुरुतुरु, थांबतो, झटक्यात मागे येतो. हे युप्लोटस, स्टायलोनिकिया वगैरे मंडळी, यांच्या सिलियांचे जुडगे होऊन काड्यांसारखे पाय झालेले असतात. वरून बघितलं तर पसरट, कडेवर वळला तर चपटा.

हात नाही पाय नाही शेपटी नाही आणि तरी सरळ रेषेत पुढे, मग थांबून तसाच मागे, रेल्वेचं शंटिंग चालल्यासारखा, रंग सोनेरी तपकिरी, कडा काचेसारख्या कडक, तर डायटम. त्याची पेटी खरोखरच सिलिकाची असते. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर मोठं काम चालतं, हा अभ्यास किती खोल जातो ते त्यावरून कळेल, आपण आपलं होडीसारखा, सुईसारखा, गोल डबीसारखा एवढं लिहून पुढे जायचं. हिरवा गार आणि मधोमध आरसा ठेवल्यासारखे दोन सारखे अर्धे, तर डेस्मिड. लांब निळसर हिरवे धागे जे हळूच डोलतात आणि सरकतात ते ऑसिलेटोरिया, त्यांना केंद्रकच नसतं, ते बॅक्टेरियाच्या घरातले.

अमिबाचं वेगळं आहे. तो कचऱ्यासारखाच दिसतो. बाटली हलवून आणलेली असते, त्या धक्क्याने तो गोळा होऊन बसतो, मग स्लाइड पाच-दहा मिनिटं नुसती पडू दे, उजेड कमी कर, आणि १०एक्सवर एखादा करडा दाणेदार डाग निवडून त्याची कड बघत राहा. आत दाणे एका दिशेला वाहताना दिसले की समजायचं. शाळेत "छद्मपाद" हा शब्द पाठ केला होता, तो पाय निघताना पहिल्यांदा बघितला तेव्हा मी चाळीशी ओलांडली होती. अमिबाचे कवचवाले नातलगही असतात, आर्सेला वरून अगदी मेदूवड्यासारखा, तपकिरी आणि मधे भोक, आणि डिफ्लुजिया वाळूचे कण चिकटवून सुरई बांधतो. सगळीकडून सरळ किरण निघालेला छोटा सूर्य दिसला तर ते हेलिओझोआ.

देठावर बसलेल्या घंट्या दिसल्या तर थांबा, इथे खरी मजा आहे. टेबलावर हलकी टिचकी मारा. घंटी एकटी असून देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून झपकन खाली गेली तर व्हॉर्टिसेला. एका झाडाला अनेक घंट्या आहेत आणि एकेक आपापली आवळतेय तर कार्केसियम. सगळं झाडच्या झाड एकदम आवळलं तर झूथॅम्नियम. आणि घंट्या मिटल्या पण देठ हललाच नाही तर एपिस्टायलिस. एका टिचकीत चार नावं वेगळी होतात! लेवेनहूक नावाचा डच कापडव्यापारी, त्याने १६७६ च्या पत्रात पावसाच्या पाण्यातले असे जीव आणि त्यांचं ते शेपूट गुंडाळणं लिहून ठेवलंय, त्याच्याकडे नावं नव्हतीच, फक्त काय करतात ते लिहिलं, आणि तेवढ्यावरून आज लोक सांगतात की तो व्हॉर्टिसेला होता.

तुमच्या सोसायटीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट, असेल तर ऑपरेटर दादांना गोड बोलून एरेशन टँकमधलं, म्हणजे हवा सोडतात त्या टाकीतलं, चमचाभर पाणी मागा. देठवाल्या घंट्यांची तिथे गर्दी असेल तर प्लँट साधारण बरा चाललाय असं समजतात, आणि नुसते बारीक शेपटीवाले वळवळत असतील तर काहीतरी बिनसलंय. हे मी मीटिंगमध्ये बोलून दाखवलं, नंतर मला कमिटीत घ्यायचा विषय निघाला, म्हणून तुम्ही बोलू नका.

रंगावर फार विसंबू नका. हिरवा म्हणजे शेवाळाचा भाऊ असं नाही, पॅरामेशियम बर्सारिया हिरवा दिसतो कारण त्याच्या पोटात शेवाळाच्या जिवंत पेशी राहतात, भाडेकरू म्हणा. खरा हिरवा कोण हे बघायला अगदी शेवटी, कारण याने जीव मरतो, कव्हरस्लिपच्या एका कडेला आयोडिनचा थेंब ठेवायचा आणि दुसऱ्या कडेला टिश्यू धरायचा, आयोडिन आपोआप आत ओढलं जातं. औषधाच्या डब्यातलं बीटाडीन पाणी घालून पातळ केलं तरी काम भागतं. क्लॅमिडोमोनाससारखे हिरवे शेवाळवाले स्टार्च साठवतात, त्यांच्यात काळपट निळे डाग उमटतात. युग्लिना हिरवा असून निळा पडत नाही, कारण त्याचा साठा पॅरामायलॉनचा असतो आणि आयोडिन त्याला रंगवत नाही. शेपट्याही आयोडिनने मस्त उठून दिसतात.

आता एक प्रत्यक्ष सांगते. गेल्या ऑगस्टमध्ये कुंडीच्या ताटलीतल्या थेंबात एक रॉटिफर मरून पडला होता आणि त्याच्याभोवती वीस-पंचवीस जण तुटून पडले होते, लग्नात आईस्क्रीमच्या काउंटरवर पडतात तसे. माझं पहिलं मत, बारीक पॅरामेशियम. मग स्वतःलाच म्हटलं, थांब, माप घे. ४०एक्सवर खिडकीच्या आठव्या भागाएवढे, म्हणजे साधारण ५६ मायक्रॉन. पॅरामेशियम गेला. चाल, गिरक्या घेत, सफाईदार, म्हणजे सिलियावाला. पण वाकत नव्हता! पॅरामेशियम कापसातून जाताना अंग वाकवतो, हा ताठ, धाग्याला आपटला की गोटीसारखा बाजूला व्हायचा. म्हणजे अंगावर काहीतरी कडक आहे. झडप अजून बंद केली तर अंगावर चौकोनांच्या ओळी दिसल्या, मक्याच्या कणसासारख्या, पुढचं टोक सपाट कापलेलं आणि मागे तीन छोटे काटे. आकार पिंपाचा. एवढं कागदावर लिहिल्यावर मगच चित्रं चाळली आणि दोन मिनिटांत सापडला, कोलेप्स. त्याच्या अंगावर कॅल्शियम कार्बोनेटच्या पट्ट्यांचं चिलखत असतं आणि मेलेल्या प्राण्यांवर झुंडीने तुटून पडणं ही त्याची प्रसिद्ध खोड आहे. जेवणावरूनच ओळखता आला असता खरं तर.

नाव कुठपर्यंत न्यायचं? वंशापर्यंत, म्हणजे कोलेप्स, व्हॉर्टिसेला, इथे थांबायचं. पुढची जात ठरवायला चांदीचे रंगद्रव्य देऊन सिलियांच्या ओळी मोजाव्या लागतात नाहीतर डीएनए काढावा लागतो, घरच्या टेबलावर ते होत नाही, आणि जो फोटोवरून छातीठोकपणे जात सांगतो त्याच्याकडे जरा संशयानेच बघा. काही वेळा तर "सिलियावाला, बाकी माहीत नाही" हेच बरोबर उत्तर असतं.

आणि हो, दुसऱ्या कोणाला दाखवायचं असेल तर फोटो नको, १५ सेकंदांचा व्हिडिओ काढा, मधे फोकस हळूच वरखाली करा म्हणजे वरची आणि खालची बाजू दोन्ही येतात, कुठली लेन्स होती ते लिहा, पाणी कुठलं, तारीख, बाटली किती दिवसांची. स्लाइड सुकत आली की जीव फुगून गोल होतात, तेव्हाचा व्हिडिओ कोणालाही पाठवू नका, त्यावरून भलतीच नावं येतात. कडेला पाण्याचा थेंब देत राहा.

माझ्या वहीतली सध्याची अडलेली नोंद अशी आहे, जशीच्या तशी देते. पाषाण, जलपर्णीचं मूळ, बाटली ९ दिवसांची. १०एक्सवर खिडकीच्या अकराव्या भागाएवढा, म्हणजे साधारण १६० मायक्रॉन. बिनरंगी, पानासारखा चपटा, मान एका बाजूला वाकडी. पोहत नाही, गाळावरून सरकतो. एका कडेने दाणे ओळीत मांडलेले. डागासारखा फुगा एक, मागे, दर १२ सेकंदांनी रिकामा. लॉक्सोफिलम वाटतोय, पण केंद्रकं मोजता आली नाहीत, मोजायच्या आत आईने हाक मारली, भाजी खाली लागली होती.